टोपलीतली अक्षरं

त्याला सगळे बोरू म्हणत. अंगानंही तसाच, सडसडीत, टोकाशी तिरका कापल्यासारखा. लग्नपत्रिका, मानपत्रं, दुकानांच्या पाट्या, शहरात जे काही मिरवायचं ते त्याच्या हातून जाई. वेलांटी काढताना तो श्वास रोखून धरी. शिकायला आलेल्या कुणाचा हात हलला की कागद टराटरा फाडी आणि म्हणे, "ही दारुड्याची चाल आहे. घरी जा."

मग त्याचाच हात हलायला लागला.

सून फॉन्ट बनवायची. ती म्हणाली, "बाबा, तुमचं अक्षर कॉम्प्युटरमध्ये घालते. तुम्ही गेल्यावरही लोक त्यात पत्रिका छापतील." म्हातारा हरखला. मागं राहिला तर हात राहावा, एवढीच त्याची हाव होती. सकाळची गोळी अंगात भिनली की हात थोडा वेळ ताळ्यावर येई. तेवढ्यात तो लिही. गोळीआधी हात आजमावताना खरडलेले कागद चुरगाळून टोपलीत टाकी.

एकदा सुनेचं गिऱ्हाईक आलं, अत्तराच्या कंपनीचं. त्यानं आखीव अक्षरं नुसती चाळली. मग टोपलीतला एक कागद उचलून मांडीवर सरळ केला.

"सुबक अक्षर पोत्यानं मिळतं हो. हे बघा. हे थरथरतंय."

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची डबी कपाटाच्या वरच्या फळीवर गेली.

"गोळी?"

"लिहून झाल्यावर. उपाशीपोटी बाधते."

"काल उपाशीपोटीच घेतली."

मुलगा बुटाची नाडी बांधत होता. "ती म्हणते तसं करा ना बाबा. तुमच्याच नावासाठी मरतेय ती."

बोरूनं भिंतीकडे पाहिलं. त्याची टाकलेली अक्षरं इस्त्री करून ओळीनं चिकटवली होती.

"हे माझं नाही."

"मग काय शेजाऱ्यांचं?" सून हसली. "जोडाक्षरं तेवढी राहिलीत. बसा."

तिचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली. त्यानं खिशातल्या रुमालाची गाठ सोडली, अडीअडचणीला म्हणून आधीपासून बांधून ठेवलेल्या गोळ्यांतली एक तोंडात टाकली आणि वाट पाहिली. बोटं निवली तसा तो लिहू लागला. एकही रेघ ढळली नाही.

सून परतली. पानं बघून रागावलीसुद्धा नाही.

"फुकट गेली ही. अर्धा फॉन्ट कोण घेतं, बाबा? सगळंच पुसून टाकावं लागेल."

सगळंच. त्यानं नवा कागद ओढला आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम हात हलवला.

तिनं कागद उजेडात धरला. "नाटकी वाटतंय." मग तो सावकाश, मधोमध फाडला आणि वाकून त्याचा खिसा चाचपला. रुमाल काढून घेतला.

"उद्या लिहू."

तिनं न सांगताच त्यानं दुसरा खिसाही उलटा करून दाखवला.