दुसरी तबकडी आज आधी लावली

मंडळी, आपल्या ग्रामोफोन मंडळाच्या फिरत्या वहीत आज भांडायला नाही, कबुली द्यायला लिहितोय.

चार तंतुवाद्यांची ती नव्या धाटणीची विलायती रचना. दोन वेगवेगळ्या वादकसंचांनी वाजवलेल्या तिच्या दोन तबकड्या आपल्याकडे आहेत. पहिली घाईची, दुसरी संथ, काळीज पिळवटणारी, असं आपण दोन वर्षं छातीठोकपणे सांगतोय. स्प्रिंग तुटेल म्हणून चावी एकदाच देतो आणि दोन्ही ओळीने लावतो.

आज इब्राहिमचाचांनी दुसरी आधी लावायला सांगितली. त्यांचा मुलगा बोटीवरून परतला नाही, तेव्हापासून तीच त्यांचा आधार. चावी पूर्ण होती. तबकडी पहिलीसारखीच धावली.

चाचा म्हणाले, "ही ती नव्हे रे."

तो संथपणा वाजवणाऱ्यांचा नव्हताच. चावी संपत आल्याचा होता.

आता चाचांना ती कशी ऐकवू, सांगा.