नर मिळाला नाही

सून म्हणून उज्जैनला आले तेव्हा माझ्या सामानात एक सूक्ष्मदर्शक आणि मेलेल्या किड्यांची लाकडी पेटी होती. पेटी उघडल्यावर घरातले सगळे एकेक करून आत डोकावून गेले. शेवटी सासरेच म्हणाले, "ठीक आहे. काही मुली हार्मोनियम आणतात."

माझी पीएच.डी. शेणकिड्यांवर चालली होती. माळव्यात त्यांच्या कुठल्या जाती राहतात, कुठवर राहतात, एक जात दुसरीपासून कशी ओळखायची, एवढाच विषय. ते दिवस मोठे झगमगाटाचे होते. फ्रीगंजात गच्च्यागच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या, टावर चौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागत होत्या, नवरा बँकेत कॉम्प्युटर शिकत होता. सगळा देश पुढे निघाला होता आणि मी म्हशींच्या मागे.

सुनेनं एकटीनं रानात कसं जायचं, म्हणून सासरे सोबत यायचे. त्यांना मी बाबा म्हणत असे. मूळचे कोकणातले, रेल्वेत बुकिंग क्लार्क म्हणून उज्जैनला आले आणि इथेच निवृत्त झाले. स्वभाव तिरसट, पण माझाही काही गोड नव्हता, त्यामुळे आमचं जमलं. मोपेडवर मी पुढे, ते मागे, त्यांच्या मांडीवर बादली. भैरवगढच्या पलीकडे गुरं चरायची तिथे आम्ही जात असू. शेणाखालची माती खुरप्याने उकरायची आणि ती शेणासकट बादलीतल्या पाण्यात सोडायची. किडे आपोआप वर तरंगतात. बाबा छत्री धरून बादलीत डोकावत, आणि एखादा वर येताना दिसला की "आली, आली" म्हणत, गाडी सिग्नलला लागल्यासारखं. शेजारच्या बाईंनी एकदा त्यांना रस्त्यात अडवून विचारलं, "भाईसाब, बहू गोबर में ढूंढती क्या है?"

"नौकरी," बाबा म्हणाले.

दुसऱ्या पावसाळ्यात बादलीत एक काळी, जाडजूड मादी वर आली. मी ती तळहातावर घेतली आणि बाबांनी छत्री खाली टाकली. "अगं, ही तर आमच्या तिकडची. हिच्या नराला शिंग असतं बघ. लहानपणी आम्ही त्यांच्या कुस्त्या लावायचो."

घरी येऊन पुस्तकं काढली. बाबांचं बहुतेक खरं होतं. ही जात किनाऱ्याकडची, भरपूर पावसाच्या मुलखातली. माळव्यातून तिची नोंद कुणीच केलेली नव्हती. त्या संध्याकाळी मला जेवण गेलं नाही.

पण घोडं अडलं ते मादीपाशी. या किड्यांत भाऊबंद जातींच्या माद्या एकमेकींसारख्याच दिसतात. जात पक्की होते ती नरावरून. शिवाय एकच किडा म्हणजे तो चाऱ्याच्या ट्रकमधूनही आला असेल. माझे मार्गदर्शक म्हणाले, "एका मादीवर नकाशा बदलत नाही. नर आण, नाहीतर ते प्रकरण गाळ." आता माझ्या प्रबंधात बाकी सगळं लोकांना माहीत असलेलंच होतं. नवीन म्हणावं असं एवढं एकच. ते गाळायचं म्हणजे पुरणाशिवाय पोळी. त्या वर्षी आमच्या घरात सकाळ-संध्याकाळ एकच विचारणा, "नर मिळाला का?"

गणपतीला बाबा गावी गेले. परत आल्यावर दोन-तीन दिवसांनी सकाळी फिरून आले आणि त्यांनी सुपारीची डबी माझ्यापुढे ठेवली. आत ओल्या शेणाचा गोळा, आणि गोळ्यात नर. डोक्यावर झोकदार, मागे वळलेलं शिंग.

"कुठे मिळाला?"

"भैरवगढला, आपल्याच जागेवर. एका ओळखीवाल्याच्या स्कूटरवर गेलो होतो. तू झोपलेली होतीस."

मी वाकून बाबांच्या पाया पडले. ते जरा मागे सरकले. मला वाटलं, संकोच.

दुपारी किडा साफ करायला घेतला. काचेच्या वाटीत कोमट पाणी, हातात मऊ ब्रश. हे किडे पुढच्या पायांनी खणतात. त्या पायांना करवतीसारखे दात असतात आणि दातांच्या खाचांत माती अडकून बसते. ब्रश फिरवला तसं पाणी लालसर झालं. मला काही वावगं वाटलं नाही. भैरवगढला छिपे लोक कापडावर ठसे छापतात, कापड रंगवून नदीत धुतात. तिथलं पाणी लाल असायचंच. मी चहाला उठले. परत येऊन पाहते तर वरचं पाणी निवळलेलं आणि तळाशी लाल कणांचा थर. रंग असता तर पाण्यात तसाच राहिला असता. ही माती होती. आणि भैरवगढच्या त्या कुरणातली माती काळीभोर. दोन वर्षं मी ती नखांतून काढत होते.

मला राग आला तो आधी स्वतःचा, सकाळी पाया पडले म्हणून. मग वाटी उचलली आणि बाबांच्या समोर नेऊन ठेवली. ते पेपर वाचत होते. चष्मा वर करून बराच वेळ वाटीत बघत राहिले.

"रंग असेल छिप्यांचा," ते म्हणाले.

"माती आहे, बाबा."

त्यांनी पेपरची घडी घातली. "आमच्या गोठ्यामागची आहे." आणि मग एकदम तावातावाने, "पण बिघडलं काय? किडा तर तोच आहे ना? मादी इथे आहे म्हणजे नर पण असणारच कुठेतरी. कोणाला पता चालणार आहे?"

"असणार आणि मिळाला, यात फरक आहे."

"म्हणजे मी आणलेला नको तुला."

"हवा आहे. तुमच्या गावाचं नाव लावून."

तसंच केलं. नराच्या टाचणीला चिठ्ठी लावली, तिच्यावर बाबांचं गाव आणि शोधणारा म्हणून बाबांचं नाव. नर वेगळ्या पेटीत ठेवून दिला. बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना नवऱ्याला सांगायचे, "तुझ्या बायकोला म्हणावं, मीठ दे." मीही मीठ नवऱ्याच्याच हातात द्यायची. मग एका सकाळी मी मोपेड बाहेर काढली तर बाबा फाटकापाशी बादली घेऊन उभे. "चल आता. गुरं निघून जातील," म्हणाले.

पुढचे दोन पावसाळे आम्ही पालथे घातले. भैरवगढ तर झालंच, पण देवास गेटवरून मिळेल ती बस पकडायची आणि गुरं दिसली की उतरायचं, असंही केलं. परतताना भाजलेले भुट्टे खायचे आणि बाबांचे रेल्वेतले किस्से ऐकायचे. कुणाला खरं वाटणार नाही, पण गुडघाभर चिखलात मी इतकी सुखात होते की माहेरी जायचं टाळायची. नर मात्र काही सापडला नाही. शेवटी मी प्रबंधात मादीचं वर्णन लिहिलं, जागा लिहिली आणि खाली एक वाक्य टाकलं, नर मिळाला नाही. मार्गदर्शकांनी सुस्कारा सोडून सही केली. "परीक्षक सोडणार नाहीत. तुझं तू बघ."

आमच्या विभागात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा खुली असे, कुणीही येऊन बसावं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले होते. बाहेरगावचे परीक्षक सडपातळ, शांत गृहस्थ होते. बाकीची प्रकरणं त्यांनी भराभर उलटली आणि नेमके त्या पानावर थांबले.

"ये एक मादा," ते म्हणाले, "आपकी सारी बात इसी पर टिकी है। मैं कैसे मानूँ कि उज्जैन की है?"

"सर, मैंने खुद निकाली है।"

"निकाली तो सब ने खुद ही होती है।" आवाजात राग नव्हता. "नर होता तो बात और थी। ये हिस्सा आप फिर से कीजिए।"

फिर से म्हणजे आणखी किमान एक पावसाळा, आणि नंतर पुन्हा हेच.  तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. बाबा उभे राहिले होते. आता हे भांडणार, म्हणून मी त्यांना हाताने बसायची खूण केली.

"साहब, नर मैं लाया था," बाबा म्हणाले. "अपने गाँव से, कोंकण से। घर आके इसको बोला, उज्जैन का है। झूठ बोला मैंने। इसने उसके पैर की मिट्टी देखके पकड़ लिया।"

घरात स्वतःच्या हातून भाजीत मीठ जास्त पडलं तरी ते गवळ्याच्या दुधावर ढकलणारा हा माणूस. भरल्या खोलीत, ओळखीपाळखीच्या लोकांसमोर, कान लाल झालेले, पण आवाज बुकिंगच्या खिडकीतून यावा तसा खणखणीत.

परीक्षकांनी चष्मा काढला. आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वो नर कहाँ है अब?"

"अलग पेटी में, सर। कोंकण के लेबल के साथ।"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग पान उलटलं.

"तो फिर ये मादा उज्जैन की ही है," ते म्हणाले. "आगे चलिए।"

पुढे काय विचारलं ते मला आठवत नाही. मी मान वळवून मागे पाहिलं तर बाबा अजून उभेच होते, बसायचं त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. मला ते इतके आवडले त्या क्षणी, की परीक्षकांना पुढचा प्रश्न मला दोनदा विचारावा लागला.