अध्यक्षांच्या घरचा कांदा

भाव चढतात आणि उतरतात. किस्से मात्र एकदा चढले की उतरायचं नाव घेत नाहीत! आमच्या बंगळूरच्या कॉलनीतली माणसं आता कुठे कुठे पांगलीत, पण दोघं जरी भेटली तरी पाच मिनिटांत गाडी कांद्यावर येते. जन्मभर ज्या मशीन बनवल्या त्यांची नावं कुणाला धड आठवत नाहीत. अठ्ठ्याण्णव साली कुणाच्या पिशवीत केवढा कांदा पडला, ते मात्र सगळ्यांना तोंडपाठ!

तर आधी थोडी ओळख. के. आर. पुरमच्या अलीकडे आमची सरकारी फॅक्टरी, तिला लागून कॉलनी आणि कॉलनीत सहकारी भांडार. मी फॅक्टरीत ड्रॉइंग ऑफिसला, आणि नसती हौस म्हणून भांडाराच्या कमिटीत. त्या वर्षी कांदा असा भडकला की शेवटी सरकारनेच दर बांधून तो सहकारी दुकानांतून विकायला काढला. बाजारापेक्षा कितीतरी स्वस्त. पण एका कार्डावर आठवड्याला एकच किलो. शिवाय वरून तंबी होती की एक जरी तक्रार आली तरी सगळ्या कॉलनीचा कोटा बंद!

भांडाराचे अध्यक्ष होते बेहेरेसाहेब. फॅक्टरीत इन्स्पेक्शनचे प्रमुख. माणूस सरळ, इतका सरळ की त्यांच्या शेजारी उभं राहिलं की आपणच वाकडे आहोत असं वाटायचं. "नियम म्हणजे नियम" हे त्यांचं पालुपद. आणि दुकान चालवणारे मॅनेजर तिम्मप्पा. कॉलनीतल्या मराठी बायकांमध्ये राहून मराठी शिकलेले, त्यामुळे बोलणं थेट बायकांच्या ठसक्यात.

*

पहिल्याच आठवड्यात भांडण. अमक्याला मोठे कांदे, आम्हाला गोट्या!

साहेब दुसऱ्या दिवशी फॅक्टरीतून एक जाड तारेची रिंग घेऊन आले. आमच्याकडे पार्ट तपासायला गेज असतात, तसं हे कांद्याचं गेज. रिंगमधून पडला तो लहान, अडकला तो मोठा. प्रत्येकाला अर्धा किलो लहान, अर्धा किलो मोठा. विषय संपला!

आख्खी संध्याकाळ तिम्मप्पा कांदे रिंगमधून टाकत बसले. रांग टक लावून बघतेय. आणि एक कांदा आला तो अर्धा आत, अर्धा बाहेर. धड पडेना, धड अडकेना.

"सार, हा कुठं टाकू?"

साहेबांनी चष्मा वर करून कांदा निरखला. तीस वर्षं पार्टवर जो शेरा मारला तोच तोंडून निघाला.

"रिवर्क!"

तिम्मप्पांनी मान डोलावली आणि शांतपणे कांद्याची दोन सालं काढली. पडला!

*

आता आमच्या दातारकाकूंची गंमत. काकूंचा चातुर्मास कडक. आषाढापासून घरात कांदा-लसूण बंद. कॉलनीतल्या कानडी शेजारणींना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. पण कांद्याचा भाव वाढला आणि एकदम सगळ्यांच्या लक्षात आलं की या घरात कार्ड आहे, पण कांदा खाणारं तोंड नाही!

मग काय विचारता. सरोजक्का सकाळी डोशाचं पीठ घेऊन हजर. वरच्या मजल्यावरच्या बाई मोगऱ्याचा गजरा घेऊन. कोपऱ्यावरचे गृहस्थ, ज्यांनी काकूंशी पार्किंगवरून वर्षभर अबोला धरला होता, ते स्वतःहून गॅस सिलिंडर उचलून द्यायला आले. जो तो विचारायचा, "काकू, उपवास कसा चाललाय?"

मला तेव्हापासून एक कुतूहल आहे. बाजारात कांदा महाग होता तेव्हा निम्मी कॉलनी म्हणत होती, "नाही खाल्ला तर काय मरतो?" दर बांधून मिळायला लागल्याबरोबर न खाणारेसुद्धा रांगेत. चातुर्मास पाळणारी एकही बाई आपला किलो सोडत नव्हती. आपल्या वाटणीचं ते आपलं, मग ते तोंडात घालायचं नसलं तरी! हे कुठल्या शास्त्रात बसतं ते मला अजून कळलेलं नाही.

दातारकाकूंना मात्र सगळं कळत होतं. एकदा गजरा माळता माळता म्हणाल्या, "अगो, एवढा मान मला माझ्या लग्नातसुद्धा मिळाला नव्हता!"

*

फॅक्टरीच्या कँटीनचे दरही बांधलेले. मॅनेजमेंट आणि युनियनचा करार, पै वाढवायची नाही. आता त्या दरात कांद्याची पकोडी देणं कँटीनवाल्याला कसं परवडणार? पकोडी तीच, आकार तोच, फक्त आतला कांदा हळूहळू कोबी झाला!

युनियन खवळली. "कांद्याच्या पकोडीत कांदा हवाच!" कँटीनवाला म्हणे, "आहे की!" शेवटी निवाडा इन्स्पेक्शनकडे, म्हणजे बेहेरेसाहेबांकडे. साहेब, दोन युनियनवाले आणि साक्षीदार म्हणून मी. पुढ्यात एक प्लेट.

साहेबांनी एक पकोडी फोडली. खाल्ली. "सांगता येत नाही. सॅम्पल कमी आहे."

दुसरी प्लेट आली. युनियनवाल्यांनी फोडून खाल्ली. एक म्हणाला आहे, दुसरा म्हणाला नाही. सॅम्पल वाढवलं. मग ट्रेच आला. मी पण कर्तव्य म्हणून चार-पाच तपासल्या.

ट्रे संपल्यावर साहेबांनी रुमालाने हात पुसले आणि निकाल दिला, "कांदा आढळला नाही. पण पुरावाही उरलेला नाही!"

*

इथवर हसण्यावारी गेलं. पण एक दिवस कॉलनीत कुजबुज सुरू झाली. दुपारी अध्यक्षांच्या स्वयंपाकघरातून कांदा परतल्याचा वास आला म्हणे! वास खरा होता की कुणाच्या मनातला, देव जाणे. पण त्या दिवसांत कांद्याच्या वासाला साक्षीदार लागत नव्हते.

साहेबांच्या कानावर गेलं. कमिटीच्या बैठकीत ताडकन उभे राहिले. "भाव खाली येईपर्यंत भांडारातला एक कांदाही माझ्या घरी जाणार नाही!"

तिम्मप्पा म्हणाले, "सरी, ठीक आहे सार, पण घरी विचारलं का?"

नव्हतं विचारलं! साहेबांच्या पत्नी वत्सलाकाकू मूळच्या साताऱ्याकडच्या. भाकरीशेजारी फोडलेला कांदा नसेल तर जेवल्यासारखं वाटायचं नाही त्यांना. मला म्हणाल्या, "बघ गं, नवस बोलायचा यांनी आणि फेडायचा मी!"

"मग बाजारातून आणा की," मी म्हटलं.

तर तीही वाट बंद. साहेबांचं म्हणणं, स्वस्त कांद्याच्या दुकानाचा अध्यक्षच बाजारात जाऊन महाग कांदा घ्यायला लागला, तर सरकारचा दर फसला असं जाहीर केल्यासारखंच! झालं. स्वस्त घ्यायचा नाही कारण लोक काय म्हणतील, महाग घ्यायचा नाही कारण तत्त्व काय म्हणेल. मला साहेबांचा आदर होता, आजही आहे. पण त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला.

*

त्यात दिवाळी आली. आणि साधीसुधी नाही, वत्सलाकाकूंच्या लेकीचा, मंजूचा, पहिला दिवाळसण! जावई नागपूरचे. लग्नात पंगतीला बसल्यावर त्यांनी हळूच वाढप्याला कच्चा कांदा मागितला होता, ते काकूंनी पक्कं लक्षात ठेवलेलं.

चिकपेटला जाऊन जावयाला कापड घेतलं, चकल्या झाल्या, चिरोटे झाले. पण काकूंचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला. "पहिल्यांदा येतायत गं. पानात कांदा नाही वाढला तर कसं दिसेल?"

कॉलनीतल्या बायका काही दुष्ट नव्हत्या. वासाची कुजबुज करणाऱ्यांनीच गुपचूप निरोप पाठवले. दातारकाकूंनी तर आपला सगळा किलो देऊ केला. वत्सलाकाकूंनी सगळ्यांना हात जोडले.

"उसन्या कांद्यावर दिवाळसण नाही करायचा मला. चाळीस घरांना हे कांदा वाटून देतात. मला एकदा यांच्या हातून हवाय."

हे बोलताना काकूंचे डोळे भरून आले. कांदा चिरलेला नसताना!

*

आणि हा शेवटचा. हा सांगताना अजूनही आमच्यात कुणी मध्ये बोलत नाही.

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी अध्यक्षांच्या दारात ऑटो थांबली. मंजू उतरली, जावई उतरले, आणि मागून उतरलं एक भरलेलं पोतं. जाळीदार. आत काय आहे ते तिसऱ्या मजल्यावरूनही दिसत होतं!

सगळ्या गॅलऱ्या भरल्या. टॉवेल झटकायला इतकी माणसं एकदम बाहेर आलेली मी कधी पाहिली नाहीत.

"मामांच्या शेतावरचे आहेत बाबा," जावई पाया पडून म्हणाले.

साहेबांनी पोत्याकडे पाहिलं. मग वर गॅलऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तिम्मप्पांना बोलवा. पोतं भांडारात घ्या. सरकारी दराने, एका कार्डावर एक किलो."

"अय्यो सार, हा कोट्याचा माल नाही!"

"कॉलनीत आला तो कॉलनीचा. नियम सगळ्यांना सारखा."

काकू दारातच उभ्या होत्या, हातात ओवाळायचं ताट. लेक-जावयाला ओवाळलं आणि आत गेल्या.

जावयांनी मला हळूच विचारलं, "मावशी, हे नेहमी असेच असतात?"

"नाही हो," मी म्हटलं, "सणाचे दिवस म्हणून आज जरा मऊ आहेत!"

बातमी पसरायला काय वेळ लागतो? हा हा म्हणता भांडारापुढे रांग. गर्दी म्हणून साहेब स्वतः तराजूवर बसले. मी कार्डं बघत होते. थोड्या वेळाने चहा पिऊन जावई गंमत बघायला आले आणि काउंटरला टेकून उभे राहिले.

साहेबांना बहुधा आता वाईट वाटत असावं. मान वर न करता म्हणाले, "तुम्हाला जेवताना कांदा लागतो, ठाऊक आहे मला. या खेपेला चालवून घ्या."

"माझं काही नाही बाबा," जावई म्हणाले, "मी कुठेही खातो. पण आई मंजूशी फोनवर बोलताना म्हणाल्या, दोन महिन्यांत कांदा तोंडात नाही. म्हणून त्यांच्यासाठी आणले होते."

साहेबांचा हात तराजूवर तसाच राहिला. पारड्यातले कांदे घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "झालं का वजन?"

मग ते उठले. "तिम्मप्पा, तुम्ही बसा." काउंटरचं फळकुट उचलून बाहेर आले, रांगेच्या कडेने चालत गेले आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

रांग चपापली. कुणीतरी म्हणालं, "सार, तुम्ही पुढे या."

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले. पण या वेळी आवाज इतका बारीक होता की फक्त पुढच्या दोघांनाच ऐकू गेला.

रांग सरकत राहिली. पोतं खाली खाली जात राहिलं. तिम्मप्पांनी मुद्दाम हात आखडून तोलायला सुरुवात केली, तर साहेब मागून ओरडले, "पुरतं वजन द्या!" मी मनातल्या मनात माणसं मोजत होते आणि पोत्यात बघत होते.

साहेबांची पाळी आली. तिम्मप्पांनी पोतं उलटं करून झटकलं. सालं उडाली आणि दोन कांदे काउंटरवर घरंगळले. बस, एवढेच!

"चालतील," साहेब म्हणाले.

तिम्मप्पांनी कांद्यांवर हात ठेवला. "सार... कार्ड?"

साहेबांनी शर्टाचा खिसा चाचपला. पँटचे दोन्ही खिसे चाचपले. कार्ड घरी. भिंतीवरच्या तसबिरीमागे, जिथे ते गेले दोन महिने पडून होतं.

जावई पुढे होऊ लागले, मी त्यांचा हात धरला. साहेबांनी कांद्यांकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि परत जायला वळले.

मागे वत्सलाकाकू उभ्या होत्या. साहेबांच्या मागेच रांगेत येऊन उभ्या राहिल्या होत्या, कधीपासून कोण जाणे. साहेबांनी एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं.

काकूंनी साहेबांच्या खांद्यावरून हात पुढे करून कार्ड काउंटरवर ठेवलं.

"तिम्मप्पाअण्णा, हे घ्या कार्ड. कांदे मात्र यांच्या हातात द्या."

तिम्मप्पांनी दोन्ही कांदे साहेबांच्या ओंजळीत ठेवले. साहेब ते घेऊन तसेच उभे, काय करावं ते कळत नसल्यासारखे.

काकूंनी पदर पुढे केला.