पहिली फुंक

रॉकेटबाईंच्या पर्समध्ये रुमाल एखादे वेळी नसे, फुगे मात्र हमखास असत. बडोद्यातल्या आमच्या मराठी शाळेत त्या दुसरीला शिकवत, मी शेजारी तिसरीला. त्यांच्या वर्गात खिडकीपासून फळ्यापर्यंत दोरी ताणलेली असे. दोरीत सरबताची नळी ओवायची, नळीला फुगवलेला फुगा चिकटवायचा आणि त्याचं तोंड सोडायचं. फुगा सुसाट फळ्यावर आदळे आणि त्या आरड्याओरड्यात माझ्या वर्गातले पाढे बुडून जात. मी मधल्या भिंतीवर डस्टर आपटत असे, पण ऐकतंय कोण.

"हवा मागे, आपण पुढे. झालं रॉकेट," एवढीच त्यांची व्याख्या. फुग्याला गाठ मारलेली मात्र त्यांना खपत नसे. म्हणायच्या, "गाठ मारली की तो वाढदिवसाचा फुगा. रॉकेटला सुटता आलं पाहिजे."

एकदा उत्तरायणाच्या पतंगबाजीनंतर पोरांनी कौतुकानं गुलाबी मांजा आणून बांधला. फुगा सुटायच्या आतच घासून फुटला. बाई चिडल्या नाहीत. "मांजा दुसऱ्याचा कापायला. आपल्याला पोचायचंय ना? साधी दोरी आणा," म्हणाल्या.

बाईंच्या वर्गातल्या केतकीचे वडील मकरपुऱ्याच्या कारखान्यात होते. ते एकदा तक्रार घेऊन आले आणि बडोद्याच्या गुजराती वळणानं म्हणाले, "बाई, जरा पाढे-बिढे घ्या ने. फुगे तर बागेतही मिळतात." बाईंनी त्यांच्या हातात दोरीचं टोक दिलं. गृहस्थांची कंपनीची बस चुकली, पण ते हसत गेले.

नव्या फुग्याचं रबर ताठ असतं, दुसरीतल्या पोरांच्या गालांना ते दाद देत नाही. म्हणून प्रत्येकाचा फुगा आधी बाईंकडे जाई. त्या पदरानं पुसून एक फुंक मारत आणि तोंड चिमटीत धरून परत देत. "पहिली फुंक माझी, पुढच्या तुझ्या."

शेवटच्या वर्षी ती फुंक मारताना त्यांना दम लागू लागला. फुप्फुसं निकामी होत चालली होती, हे फक्त मला ठाऊक होतं. मी सायकलचा पंप आणून ठेवला. त्यांनी त्याला हातही लावला नाही. "अगं, पंपानं फुगा फुगेल. पोराला धीर कोण देणार?" मला फार राग आला होता. आजही येतो.

त्या दिवशी शेवटचा फुगा केतकीचा होता. बाईंनी फुंक मारली, फुगा तिच्या हातात दिला आणि खोकत खुर्चीत बसल्या, मग त्यांना उठवेना. रिक्षातून आम्ही त्यांना हरणी भागातल्या त्यांच्या घरी नेलं. आठवडाभरात त्या गेल्या.

त्यांचा वर्ग माझ्याकडे आला. दोरी ताणलेलीच होती. खिडकीच्या गजाला लिंबाएवढा फुगा बांधलेला दिसला. त्याला गाठ होती.

"केतकी, गाठ का मारलीस? बाईंनी काय सांगितलं होतं?"

"यात बाईंची फुंक आहे," ती म्हणाली. "सोडली तर जाईल ने."

गाठ मारली तरी रबरातून हवा झिरपतेच, हे मला ठाऊक होतं. पण ते काही मला त्या पोरीला सांगता आलं नाही. फुगा रोज थोडा लहान होत गेला आणि ती रोज सकाळी आधी त्याच्याकडे बघून मग जागेवर बसे. पुढे बोराएवढा झाल्यावर एक दिवस तिनंच तो गजावरून सोडून आणला आणि माझ्या हातात ठेवला.

तो माझ्या कपाटात आहे. आत आता काहीच उरलेलं नाही. गाठ मी सोडलेली नाही.