टाचेवरचं बोट

सांबशिवरावांनी बाहुलीच्या टाचेवर बोट टेकवलं, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "सेरी, ठीक. वाळलं."

गेली दीड वर्षं ते रोज असंच म्हणत होते. बाहुली बहुतेक वेळा वाळलेलीही असायची. नाटक होतं ते बोट टेकवण्याचं. साखरेच्या आजारानं त्यांचे आधी तळपाय बधिर केले, मग बोटांची टोकं. कापीचा टंबळर, कॉफीचा गरम पेला, हातात घेतला तर चटका कळायचा नाही, दुसऱ्या दिवशी फोड दिसला की कळायचं. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि घरात होतं तरी कोण? ते आणि त्यांची लेक अखिला.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. सांबशिवराव चाळीस वर्षं वीणेच्या कारखान्यात पॉलिश करायचे. फणसाच्या लाकडावर लाखेचा हात फिरवला की बोटानं पाहून सांगायचे, अजून एक हात की पुरे. या बाबतीत ते नाकावर माशी बसू देत नसत. त्यांनी पास केलेली वीणा परत आली नाही.

अखिला बंगळुरूची नोकरी सोडून आली ती आई गेल्यावर. येताना एक वेड घेऊन आली. व्हिनाइलच्या कोऱ्या पांढऱ्या बाहुल्या मागवायच्या, वीतभर उंचीच्या, मोठ्या डोक्याच्या, आणि त्यांच्यावर अ‍ॅक्रिलिक रंगांनी आपली माणसं रंगवायची. नागस्वरवाला, मुंडावळ्या बांधलेली नवरी, नाकात बेसरी घातलेली आजी. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात त्या कोलूसाठी चेन्नईची माणसं त्या आवडीनं मागवत. पण व्हिनाइलवर अ‍ॅक्रिलिक नुसतं बसलेलं असतं. नख लागलं की निघालंच. म्हणून वरून पारदर्शक लेप द्यावा लागतो, आणि तो द्यायचं काम आपसूक सांबशिवरावांकडे आलं. रंग लेकीचा, लेप बापाचा.

पहिल्या बाहुलीला त्यांनी आपल्या ऐटीत वीणेचं लाखेचं पॉलिश लावलं. ते आजतागायत वाळलेलं नाही. व्हिनाइल मऊ असतं, त्याला स्वतःचं तेल सुटतं, त्याला स्पिरिटवालं काही चालत नाही. ती बाहुली अजून खिडकीत उभी आहे, अंगावर धूळ आणि सात मुंग्या घेऊन. त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला. पाण्यात मिसळणारा मॅट लेप, तीन पातळ हात, प्रत्येक हातामागे एक दिवस, शेवटी आठवडाभर नुसतं ठेवायचं. आणि दर वेळी टाचेला बोट, कारण टाच कुणी बघत नाही.

बोटाला कळत नव्हतं, म्हणून ते घड्याळावर चालत. दिवस मोजायचे, बोट टेकवायचं, सेरी म्हणायचं. अखिला गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायची, माझ्या अप्पांचं बोट कधी चुकत नाही. ते मूग गिळून बसायचे.

का बसायचे, ते सांगायला हवं. त्यांची बायको अंबुजा गेली ती दुपारी, इस्पितळात. अखिला बंगळुरूहून बसमध्ये होती. सकाळी सातपासून सांबशिवराव अंबुजेचा हात मांडीवर, आपल्या दोन्ही हातांत धरून बसले होते. तिच्याशी घरचा गॅस सिलिंडर संपत आल्याचं काहीबाही बोलत होते. दीडच्या सुमाराला नर्स सलाईन बदलायला आली, तिनं मनगट धरलं आणि विचारलं, "अय्या, हात गार पडलाय की. तुम्हाला कळलं नाही?"

नव्हतं कळलं. हात त्यांच्याच हातांत होता आणि त्यांना कळलं नव्हतं.

संध्याकाळी अखिला आली. तिनं पहिलं विचारलं, "शेवटी आईचा हात ऊन होता?" ते म्हणाले, "ऊन होता. माझ्या हातांतच गेली." त्या एका वाक्याच्या आधारावर ती उभी राहिली. पुढे येईल त्याला तेच सांगायची. आता बोटांचं बोलायचं म्हणजे ती विचारणार, कधीपासून? आणि मग मागे मोजत आईच्या हातापर्यंत जाणार. म्हणून ते डॉक्टरकडेही बोलले नाहीत. त्यांना रडू आलं नव्हतं. लाज वाटली, तीही थोडे दिवस. नंतर काहीच वाटेनासं झालं. जेवायची वेळ झाली की जेवायचं, लेपाची वेळ झाली की लेप.

या वर्षी चेन्नईच्या गिऱ्हाईक कनकलता मामींनी लग्नाच्या वरातीच्या नऊ बाहुल्या मागवल्या. लेपाच्या दिवसांतच पाऊस लागला. हवेत इतकी ओल की दोरीवरची वेष्टी, म्हणजे धोतर, सुकेना. घड्याळाला ओल कळत नाही. सांबशिवरावांनी नेहमीइतकेच दिवस मोजले, टाचांना बोट टेकवलं आणि कोलूच्या बाहुल्या गुंडाळतात तशा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यांत नऊही गुंडाळून दिल्या.

नवरात्राच्या पहिल्या सकाळी मामींचा फोटो आला. नऊ चेहऱ्यांवर धोतराची वीण उमटली होती. नवरीचा अर्धा गाल फडक्याला चिकटून निघाला होता.

अखिलानं फोन त्यांच्यापुढे धरला. "अप्पा, तुम्ही हात लावून पाहिलं होतं नव्हं?"

"पाहिलं होतं."

"मग माझंच चुकलं. रंग जाड लावले मी." ती पुढच्या मागणीच्या बाहुल्या ओढून बसली आणि सुरीच्या पातीनं एकेकीचा रंग खरवडायला लागली. तिचं बारा दिवसांचं काम होतं ते. एक आजी गेली, नागस्वरवाल्याचे खांदे गेले. सांबशिवराव बघत होते. पावसाचं नाव सांगितलं असतं तर भागलं असतं.

"काय करूलीस? थांब," ते म्हणाले. "रंग बरा आहे. माझी बोटं बरी नाहीत. त्यांस काही कळत नाही."

तिची पाती थांबली. "कधीपासून?"

"आई होती तेव्हापासून."

ती मागे मोजत गेली, ते त्यांना तिच्या तोंडावर दिसलं. "मग आईचा हात?"

"नर्सनं सांगिटलं. मला कळलं नव्हतं."

अखिला उठली आणि आत गेली. आत बराच वेळ नळ चालू राहिला. सांबशिवरावांनी खरवडलेला रंग हातानं गोळा केला आणि केराच्या डब्यात टाकला. वाटलं होतं, सांगून टाकलं की छातीवरचं उतरेल. काही उतरलं नाही.

दोन दिवस ती कामापुरतं बोलली. तिनं रात्रंदिवस बसून नवी नवरी रंगवली. तिसऱ्या दिवशी दुपारी, लेपाचा दुसरा हात द्यायच्या आधी, पहिला वाळला का ते बघायची वेळ झाली. सांबशिवराव सवयीनं उठले आणि अर्ध्या वाटेत थांबले. आपण आता तिथे जाऊन काय करणार, हे त्यांना सुचेना. ते परत खुर्चीत बसले.

अखिलानं नवरीच्या टाचेला स्वतः बोट लावून पाहिलं. मग बाहुली घेऊन ती त्यांच्यापाशी आली आणि न विचारता ती टाच तिनं त्यांच्या गालाला टेकवली.

"कळतंय?"

गाल किंचित ओढला गेला. चिकट. आणि गार.

"कळतंय," ते म्हणाले. "ओलं आहे अजून."

"मग आजपासून असं बघा." बाहुली त्यांच्या हातात देऊन ती कापी टाकायला गेली.

सांबशिवराव बाहुली गालाला धरून बसून राहिले. लेपाचा गारवा चांगला कळत होता. त्या दिवशी सकाळी सातपासून दीडपर्यंत अंबुजेचा हात त्यांच्या मांडीवर होता. गाल तेव्हाही होता, हातभर वर. हात उचलून गालाला लावायचं त्यांना एकदाही सुचलं नव्हतं.