इसरायला आलं की इचारायचं

मेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. मुलाणी गुरुजींना जाऊन महिना झाला. "बाई, तुमचं जुनं गुरुजी गेलं," असं यवतहून येणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता सांगितलं, आणि मला आधी आला तो राग. रडू नंतर...

शिरूर तालुक्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या शाळेत आम्ही दोघंच शिक्षक. माणूस हट्टी, अगदी हेकट. घोकंपट्टीचा तिटकारा. "डोकं म्हंजी कणगी न्हाई बाई, वरनं वतलं की भरली," म्हणायचे. शिकवलेला धडा दुसऱ्या दिवशी विचारायचे, मग आठवड्यानं, मग महिन्यानं. टाचणवहीत तसे वारच घालून ठेवलेले. "पोरगं इसरायला आलं की इचारायचं. आठवायला जोर लागला की ते डोक्यात ऱ्हातं." पोरं अडली तरी हा गृहस्थ सांगायचा नाही, खिडकीबाहेर बघत उभा! मला वेडेपणा वाटायचा. मग माझ्या वर्गात करून बघितलं, तर दिवाळीच्या सुट्टीनंतरही पोरांना भागाकार येत होता. पुढं दोघांनी मिळून वर्षभराचे धडे तसे मांडले.

आणि तपासणी आली. एक धडा पंधरा दिवस घोटून ठेवायचा, साहेब आले की तोच काढायचा, ही सगळ्याच शाळांची रीत. मी हात जोडले.

"गुरुजी, एक दिवस घोटून घ्या. माझी नोकरी अजून कायम व्हायचीय."

"आज टाचणात नद्या हायत. नद्याच इचारणार."

काय म्हणावं या माणसाला! महिन्यापूर्वीचा धडा साहेबांपुढं काढला. भीमेला कोणत्या नद्या मिळतात? पोरं डोकी खाजवताहेत, एक चुकलं, दुसरं गप्प, आणि हे खिडकीबाहेर बघताहेत. साहेबांनी घड्याळ काढलं. दाराशी मी उभी होते. बाहेर पडताना त्यांनी विचारलं, "बाई, तुमच्याही वर्गात हेच चालतं?"

"नाही साहेब," मी म्हटलं, "मी पाठ करून घेते."

साहेब अजून अंगणातच होते, तेवढ्यात आत पोरांना आठवलं. इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड... एकेक नाव, बिनचूक. मी ऐकलं. साहेबांना हाक मारता आली असती. मारली नाही.

गुरुजींची बदली राहू गावाकडं झाली. मी कायम झाले, आणि तेव्हापासून आजतागायत घोकूनच घेते आहे.

दोन वर्षांनी यवतच्या थांब्यावर दिसले. मी पदर सावरून उभी राहिले. म्हटलं, आता काढतील माझे वाभाडे. माझं उत्तर त्यांनी आतून ऐकलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण जवळ येऊन म्हणाले काय, तर "पोरं बरी हायत ना, बाई?" एवढंच विचारून गाडीत चढले.

चार शब्द सुनावले असते तर मी तिथंच रडून मोकळी झाले असते. तेवढंही केलं नाही त्यांनी. आता मला बोलणार कोण?