गव्हर्नरांच्या टोपीतला मका

आमचे गव्हर्नर बार्नबस थर्लो हाताने लाकडी पिंपं बनवायचे, हे ऐकलं की राजाच्या जहाजातून उतरणारे साहेबलोक नाक मुरडतात. मुरडू देत बापडे. मार्शबरीच्या या वसाहतीत सुरुवातीला गव्हर्नर व्हायला कुणी तयार नव्हतं. पगार नाही, शिव्या मात्र रोजच्या. सगळ्यांनी मिळून ते लोढणं थर्लोंच्या गळ्यात बांधलं, आणि त्यांनी ‘बरं’ म्हणून पुन्हा रंधा उचलला. त्यांची बायको पेशन्स म्हणायची, यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर मी यांच्या पदरात पडले. गेल्या शरदात थर्लोंना मातीत ठेवून आलो. मी आज जिवंत आहे ती त्यांच्यामुळे, म्हणून हे सांगतेय.

मी इथे उतरले ती हिवाळा सरता सरता. नवरा वाटेतच तापाने गेला, त्याला समुद्रात सोडलं. माझ्या पोटात सातवा महिना. इथला रिवाज असा, की परक्या माणसाची हमी गव्हर्नर सोडून गावातल्या कुणीतरी घ्यायची, नाहीतर सभेने कौल द्यायचा. डॉर्कस नावाच्या या विधवेची हमी कोण घेणार? कौल विरुद्ध गेला की परतीच्या जहाजात बसायचं. पुन्हा तो समुद्र, त्या अवघडल्या पोटाने! मी काही पैलतीर बघत नाही, हे मलाही कळत होतं आणि पेशन्सबाईंनाही.

कौलाची आमची पद्धत अशी: होकाराला मक्याचा दाणा, नकाराला घेवड्याचा. प्रत्येक पुरुषाने दाणा आपल्या घरून आणायचा आणि मूठ झाकून गव्हर्नरांच्या टोपीत टाकायचा. बायकांना मत नाही. मी आपली भिंतीला टेकून उभी.

थर्लोंनी टोपी टेबलावर उपडी केली. घेवडा. सगळा घेवडा. औषधालासुद्धा मका नव्हता.

ज्यांच्या बायकांनी आदल्याच दिवशी मला पांघरूण आणून दिलं, त्यांनीही? चर्चचे वडीलधारे गेर्शम, मोठे करडे गृहस्थ, ते म्हणाले की देवाची इच्छा स्पष्ट आहे. पण बाकी जो तो शेजाऱ्याकडे चोरून बघत होता. थर्लो त्या ढिगाकडे बघत राहिले आणि हळूहळू त्यांचे कान लाल झाले.

“यातला एक दाणा माझा,” ते म्हणाले. “ही बाई राहावी असं मला वाटतं. पण माझ्या घरातला मका संपलाय, आणि ते सांगायची मला लाज वाटली. म्हटलं, माझा एक घेवडा पडला तर काय बिघडतंय, बाकीचे टाकतीलच की मका. आता खरं बोला. कुणाच्या घरी मका आहे?”

एकही हात वर गेला नाही.

आमची माणसं ही अशी! उपाशी राहतील, पण कणगी रिकामी झाली हे शेजाऱ्याला कळू देणार नाहीत. देवाने यांच्यावरची कृपा काढून घेतली असं लोक म्हणतील ना! त्या भीतीपायी ही भली माणसं दोन जीव समुद्रात ढकलायला निघाली होती.

गावात मका उरला होता तो फक्त बियाण्याचा. सभेच्या माळ्यावर, थर्लोंनीच बनवलेल्या पिंपात, वर गावाची मोहोर. पेरणीआधी ते कुणी उघडायचं नाही, हा नियमही थर्लोंचाच. त्यांनी शिडीला हात लावला तसे गेर्शम उठले.

“उघडलंत तर येत्या निवडणुकीत मी तुमच्याविरुद्ध उभा राहीन.”

“राहा की,” थर्लो म्हणाले. “माझं ओझं तरी उतरेल.”

त्यांनी झाकण उचकटलं आणि प्रत्येकाच्या तळहातावर मक्याचा एकेक दाणा ठेवला, गेर्शमच्याही. घेवडा टेबलावर पडलेलाच होता, तोही एकेक उचलायला लावला. टोपी पुन्हा फिरली. घेवडे पडले, नाही असं नाही. पण मका कितीतरी जास्त. मी हमसून हमसून रडले, आणि थर्लोंनी तो सगळा मका माझ्या ओच्यात ओतला. म्हणाले, “शिजवू नका बरं का. पेरा. पिकलं की पिंपात परत घाला.”

मुलगी झाली. तिचं नाव थँकफुल ठेवलं; देवाचे आणि माणसांचे उपकार स्मरावेत म्हणून आमच्यात असं नाव ठेवतात. मका पिकला. पिंपात घालून वर टोपलीभर उरला.

निवडणूक आली. गेर्शम बोलल्याप्रमाणे उभे राहिले. थर्लो हवे असतील तर मका, नको असतील तर घेवडा. मत मला नव्हतं, पण दारात टोपली घेऊन उभं राहायला कुणाची मनाई नव्हती. येईल त्याला मी दोन्ही दाणे देत होते, म्हणजे कुणाला घरची कणगी आठवायला नको. शेवटी गेर्शम आले. त्यांनी माझ्या कडेवरच्या थँकफुलकडे पाहिलं. मी मका दिला, तो त्यांनी घेतला. घेवडा पुढे केला, तर नुसती नकाराची मान हलवून आत गेले.

त्यानंतर थर्लो मरेपर्यंत मला टोमणा मारायचे, की बाई, तुमच्या मक्याने माझं ओझं काही उतरू दिलं नाही.